मिशाळासाठी काठी

बस डेपोच्या मागच्या शेडमध्ये वहिनी कित्येक वर्षं बसच्या सीटा शिवत आल्या होत्या. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. इंजिनवर काम करणारा धाकटा दीर त्यांना तशी हाक मारायचा, आणि ऐकून ऐकून साऱ्या डेपोनं तेच उचललं. त्यांच्याहून वयानं मोठे ड्रायव्हरसुद्धा बिनदिक्कत ‘वहिनी’ म्हणायचे.

शेडच्या मागे दहा पावलांवर धरणाचं पाणी. दुपारी डबा घेऊन वहिनी तिथल्या दगडावर बसायच्या. एका दुपारी वारा अगदी पडला होता. काठाजवळच पाणी हळूच फुगलं आणि त्याखालून एक काळी पाठ सरकायला लागली. सरकत राहिली, सरकत राहिली, संपेचना. मग कुठे शेपूट आलं आणि पाणी पुन्हा सपाट झालं. वहिनींचा घास हातातच राहिला.

“ओंडका असेल,” त्यांनी सांगितल्यावर दीर म्हणाला.

“ओंडक्याला शेपूट असतं का हो भाऊजी?”

दिराकडे मोटर लावलेली छोटी होडी होती. सुट्टीच्या दिवशी तो होडी हळूहळू चालवायचा आणि होडीच्या कडेच्या नळीत मासेमारीची काठी खोचून, तिच्या मागे लांबवर सोडलेल्या दोरीला प्लास्टिकचा मासा बांधून ओढत न्यायचा. मिळायचे ते वीतभर मासे. पण वहिनींनी पिच्छाच पुरवला. “मला खायचा नाहीये तो. एकदा नीट बघायचाय.” शेवटी त्यानं त्यांना बरोबर नेलं. खोल पाण्यावर आले आणि काठी एकाएकी वाकली, कट्‌कन आवाज झाला, सांध्यापासून पुढचा अर्धा भाग दोरीसकट पाण्यात गेला. दिरानं उरलेला तुकडा नळीतून उपसून पाहिला.

“वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “ओंडका नव्हे हा.”

नवी काठी घ्यायला दोघं शहरातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाई चष्मा कपाळावर ढकलून पुढे आल्या. दिराची नजर गेली ती चकचकीत काळ्या कार्बनच्या काठीवर. हातात घेतली तर पिसासारखी हलकी. किंमत ऐकून त्यानं ती तितक्याच हलक्या हातानं परत ठेवली.

“काठी हातात धरून दिवसभर गळ फेकणार आहात की होडीच्या नळीत खोचणार?” बाईंनी विचारलं.

“नळीत.”

“मग हलकी कशाला हवी? वजन नळी पेलणार. ही बघा.” त्यांनी कोपऱ्यातून फायबरग्लासची एक जाडजूड, मळखाऊ रंगाची काठी काढली. “दिसायला बेंगरूळ आहे, पण होडीच्या काठावर आपटली तरी हिला काही होत नाही. कार्बनला ठोकर बसली की आत बारीक चीर जाते. ती दिसत नाही आणि ऐन वेळी घात करते. शिवाय ही अखंड आहे. सांधाच नाही, तर मोडणार कुठून?”

बाईंनी वहिनींच्या हातात मूठ दिली आणि टोक धरून ओढलं. काठी पार मधल्या भागापर्यंत सावकाश वाकली. वहिनींच्या दंडाला झटका बसला नाही, नुसता ताण चढत गेला. मग बाईंनी कापसाचा बोळा दिला. दोरी ज्या कड्यांतून जाते, त्या प्रत्येक कडीतून तो फिरवायला सांगितला. तिसऱ्या कडीत कापूस अडकला. “चरा आहे. दोरी कापली असती,” असं म्हणत बाईंनी तशीच दुसरी काठी आणली. तिच्यात कापूस कुठेच अडला नाही. कार्बनच्या किमतीत अशा दोन आल्या असत्या. वहिनी म्हणाल्या, “हीच.”

अखंड काठी बसमधून न्यायची म्हणजे पंचाईतच. ती सीटांमधल्या वाटेवर आडवी झाली. ओळखीचा कंडक्टर म्हणाला, “वहिनी, या बाईंचं तिकीट पूर्ण की अर्धं?”

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या रिकाम्या गेल्या. दीर कंटाळला, वहिनी नाही. आणि एका सकाळी, धुकं नुकतंच विरत असताना, काठी पुन्हा वाकली.

या वेळी कट्‌ झालं नाही. काठी वाकत वाकत पाण्याकडे झुकली आणि थांबली. दोरी गुंडाळलेलं रीळ किंचाळायला लागलं. दिरानं मोटर बंद केली, तरी होडी चालतच होती, तीही उलट्या दिशेनं. वहिनींनी पाय टेकवून काठी नळीतून उपसली आणि मूठ पोटाशी धरली. दोरीच्या त्या टोकाला कुणीतरी घाई न करता, आपल्या मर्जीनं, चाललं होतं. ओढ इतकी शांत होती, की त्यांच्या अंगावर काटा आला.

“सोडून द्या वहिनी! दमाल!”

“भाऊजी, गप्प बसा.”

हात बधिर झाले तेव्हा तो वर आला. आधी मिशा, करंगळीएवढ्या जाड. मग बसच्या सीटएवढं रुंद, चपटं डोकं. मागचं अंग होडीच्या पलीकडपर्यंत गेलेलं, काळं, त्यावर पिवळट ठिपके. डोळा मात्र शर्टाच्या बटणाएवढा. मासा वर ओढायला दिरानं आकडी उचलली होती, ती त्याच्या हातातच राहिली.

वहिनींनी वाकून त्या डोक्यावर तळवा ठेवला. थंडगार, गुळगुळीत. कातडीखाली काहीतरी संथपणे धडधडत होतं.

“पक्कड द्या,” त्या कुजबुजल्या. त्यांनी गळ काढला. तो मिशाळ मासा लगेच गेला नाही. होडीला टेकून क्षणभर तसाच राहिला, जणू त्याला कसलीच भीती नव्हती. मग खाली खाली उतरत गेला. ठिपके दिसेनासे झाल्यावरही दोघं तिकडेच बघत होते.

“एवढा मोठा जीव खाली,” वहिनी म्हणाल्या, “आणि आपण वर बसून डबे खातोय.”

दिरानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मोटर सुरू करायचं बराच वेळ कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांनी घेरलं. केवढा होता, वजन किती, फोटो कुठाय? दीर हात पसरून पसरून सांगत होता आणि दर वेळी त्याचे हात तोकडे पडत होते. वहिनींना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “बघितला.” आणि सुई पुन्हा रेक्झिनमध्ये घातली. पण त्या दिवशी त्यांचे टाके वाकडेतिकडे गेले, आणि अख्खी सीट त्यांना उसवावी लागली.