एकशेवीस व्होल्टचं घर

ते काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांनी नको म्हटलं होतं. अल खौदमधल्या तीन दुकानांनी प्रोफेसरांना सांगितलं, असलं काम इथे कोणी करत नाही. चौथ्या दुकानात माझ्या शेजारच्या गावचा एकजण होता. त्याने त्यांना माझा नंबर दिला.

मी बावीस वर्षं ओमानमध्ये वायरमन आहे. घरं, दुकानं, एक शाळा, दोन मशिदी, एवढ्यांच्या भिंतींतून माझ्या वायरी गेल्या आहेत. पण चाकांवरच्या घराचं काम, तेही अमेरिकेच्या विजेसाठी, मी कधी केलं नव्हतं. माझ्या अर्बाबला, म्हणजे इथल्या मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "कर. पण जे काही जळायचं ते इथेच जळू दे, अमेरिकेत नको."

विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत प्रोफेसरांचा भाड्याचा व्हिला होता. अंगणात घाफच्या झाडाखाली कॅरॅव्हान उभी होती. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं एका खोलीचं घर. पांढरा रंग उन्हाने पिवळट पडलेला. आत एक पलंग, समोरासमोर दोन बाकं, मध्ये घडीचं टेबल, शेगडी, छोटा फ्रीज. कपाटांच्या दारांना पितळी मुठी. उभं राहिलो की छप्पर डोक्याला लागेल असं वाटायचं, लागायचं नाही.

प्रोफेसर अमेरिकन. इथे भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मॅडम म्हणायचो, त्या जर्मन. लग्नानंतर त्यांनी ती कॅरॅव्हान जर्मनीत घेतली होती आणि प्रोफेसरांना इथे नोकरी लागली तेव्हा जहाजाने मागवून घेतली होती. सुट्टी आली की दोघं ती घेऊन निघायची. प्रोफेसर डोंगरातले दगड बघत हिंडायचे आणि मॅडम सावलीत खुर्ची टाकून वाचत बसायच्या. खरीफमध्ये, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, पार सलालाहपर्यंत जायची. आता प्रोफेसर निवृत्त झाले होते. दोघं कायमची अमेरिकेला, मुलीकडे चालली होती, आणि कॅरॅव्हानही बरोबर जाणार होती.

"तिकडे मुलीच्या अंगणात ती उभी राहील," प्रोफेसर म्हणाले. "प्लग लावला की सगळं चालायला हवं. बाकी काही नको."

जर्मनीतली वीज आणि ओमानमधली वीज जवळपास सारखी. इथे आणल्यावर त्यांना फक्त प्लग बदलावा लागला होता. अमेरिकेची वीज मात्र दाबाने निम्मी, एकशेवीस व्होल्टची. दाब निम्मा झाला की तेवढंच काम करायला दुप्पट करंट ओढावा लागतो, आणि करंट वाढला की वायर जाड लागते. बॅटरीवर चालणारं सगळं, म्हणजे पाण्याचा पंप आणि छताचे दिवे, तसंच राहणार होतं. पण चार्जर, फ्रीजचं हीटर (असला फ्रीज उष्णतेवरच गार होतो), बाहेरच्या विजेचे सॉकेट, पलंगाजवळचा दिवा, वायरी आणि ब्रेकरची पेटी बदलायला हवी होती. तिकडचं बरंचसं सामान प्रोफेसरांनी आधीच मागवून ठेवलं होतं.

चांगला कारागीर करतो तसंच मी केलं. सगळं उचकटलं. जुन्या वायरी ओढून काढल्या, नव्या जाड वायरी घातल्या. नवी पेटी बसवली. जर्मन सॉकेट गोल आणि खोलगट होते, ते काढून अमेरिकन चौकोनी बसवले. जुनी भोकं स्वच्छ पांढऱ्या पट्ट्यांनी बुजवली. पलंगाजवळच्या भिंतीवर तपकिरी रंगाचं जुनं बटण होतं, उशीच्या जरा वर. ते मला अडचणीच्या जागी वाटलं. ते काढून दिव्याचं नवं बटण मी दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर घेतलं. नवा दिवा दोन्ही दाबांवर चालणारा होता, म्हणून तो तेवढा तात्पुरता इथल्या विजेवर जोडून ठेवला. जुनं सामान एका खोक्यात भरून बाहेर कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवलं. चार दिवसांत एवढं झालं आणि मी स्वतःवर खूश होतो.

त्या चारही दिवशी दुपारी मॅडम यायच्या. उंच, बारीक, पांढरे केस मानेवर बांधलेले. पायरीवर उभ्या राहून इंग्रजीत विचारायच्या, "तुम्ही दिवा दुरुस्त करायला आलात का?"

पहिल्या दिवशी मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, अमेरिका, व्होल्ट, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दहा मिनिटांनी परत आल्या आणि तेच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त "हो, मॅडम" म्हणू लागलो. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळची मगरिबची अजान झाली आणि मी हत्यारं गोळा करत होतो. मॅडम आत आल्या, चपला काढल्या, आणि मी तिथे नाहीच अशा सहजपणे पलंगावर आडव्या झाल्या. मी संकोचून बाहेर पडत होतो. तेवढ्यात त्यांचा हात उशीच्या वर भिंतीवर गेला. बोटं त्या गुळगुळीत पट्टीवर फिरली, खाली आली, परत वर गेली. मग त्या उठून बसल्या आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपू लागल्या. सगळी भिंत, कोपऱ्यापर्यंत. मी घाईने दाराजवळचं नवं बटण दाबलं. उजेड पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आणखीच घाबरा झाला.

प्रोफेसर आले तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "हे कुणाचं आहे? आपण लोकांच्या घरात का शिरलो? मला आपल्याकडे घेऊन चला."

"हे आपलंच आहे," प्रोफेसर म्हणाले.

"नाही," त्या म्हणाल्या. आणि रडू लागल्या. आवाज नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी बाहेर झाडाखाली उभा राहिलो. बऱ्याच वेळाने प्रोफेसर आले. मला वाटलं, आता चिडतील. ते माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

मग त्यांनी सांगितलं. मॅडमची आठवण तीन वर्षांपासून जात होती. आधी नावं गेली, मग रस्ते, मग व्हिला. व्हिलात त्यांना झोप लागत नव्हती, सारख्या बाहेरचं दार शोधायच्या. फक्त कॅरॅव्हानमध्ये शांत झोपायच्या. तिथलं सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. म्हणून ती अमेरिकेला न्यायची होती. "तिकडे गेल्यावर तिला मुलगी ओळखू येईल की नाही, माहीत नाही," ते म्हणाले. "निदान ही तरी ओळखू यावी."

 मला माझे वडील दिसत होते.

माझे वडील गावच्या खाडीवर होडी चालवायचे. मी इथून पैसे पाठवून आमचं जुनं घर पाडलं आणि त्याच जागी स्लॅबचं बांधलं. दार पूर्वेला होतं ते रस्त्याच्या बाजूला, दक्षिणेला घेतलं. सगळ्या गावाने नाव काढलं. त्या वर्षी मी रजेवर गेलो, तर वडील पहाटे उठून पूर्वेच्या भिंतीकडे चालत जायचे आणि तिथे थांबायचे. एकदा कपाळ आपटून खोक पडली. मी त्यांना हाताला धरून दक्षिणेच्या दाराशी नेलं, तर ते उंबऱ्यावरून मागे फिरले. म्हणाले, "माझा दार खंय गेला रे?" मी हसलो होतो. म्हटलं, बाबा, नवीन दार चांगलं आहे, मोठं आहे. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत त्या भिंतीशी उभे राहत होते, असं आई सांगते. भिंत फोडून एक दार काढायला दोन दिवस लागले असते. मला ते सुचलंच नाही.

हे मी प्रोफेसरांना सांगितलं नाही. इतकंच म्हणालो, "सर, मला अजून आठवडा द्या. सगळं होतं तसं करतो."

"आणि अमेरिकेत चालेल?"

"चालेल. पण दिसणार नाही."

कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन खोकं पाहिलं. होतं. दुसऱ्या दिवसापासून मी माझंच काम उचकटायला बसलो. पांढऱ्या पट्ट्या काढल्या. तपकिरी बटण त्याच्या भोकात परत बसवलं आणि पलंगाजवळचा दिवा बॅटरीच्या लाइनवर घेतला, म्हणजे कुठल्याही देशात त्याचं काही बिघडायचं नाही. अमेरिकन सॉकेट कपाटांच्या आत नेले, जिथे फक्त प्रोफेसर हात घालतील. गोल सॉकेट जागेवर परत आले. शेगडीजवळचा एक सोडून बाकीचे मी आतून वायर तोडून नुसते शोभेचे ठेवले. तो एक चालू ठेवायचा होता, कारण तिथे मॅडमची किटली लागायची. जर्मन किटली, निळ्या दांड्याची. अमेरिकेच्या विजेवर तिला पाणी उकळायला चौपट वेळ लागला असता. म्हणून बाकाखालच्या पेटीत दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर बसवला, चांगला वजनदार, आणि त्याची वायर फक्त त्या एका सॉकेटला दिली.

तपासायला ओमानमध्ये अमेरिकेची वीज कुठून आणणार? रुवीच्या बाजारातून दाब कमी करणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर आणला आणि तो अंगणात ठेवून कॅरॅव्हानला एकशेवीस व्होल्ट दिले. फ्रीजचं हीटर तापलं. चार्जर चालू झाला. बाकाखालून बारीक घरघर येऊ लागली.

मॅडम बाकावर येऊन बसल्या. जरा वेळाने बाकावर हात ठेवून म्हणाल्या, "मांजर आत आलंय."

प्रोफेसर दारात उभे होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. लग्नानंतर त्यांच्याकडे एक मांजर होतं, ते या बाकाखाली झोपायचं. मी म्हणालो, रबर घालून आवाज बंद करता येईल. ते म्हणाले, "नको. राहू दे."

मॅडमनी किटली भरली, न बघता गोल सॉकेटात लावली, आणि आम्हाला चहा केला. माझ्या कपात त्यांनी तीनदा साखर घातली, दरवेळी विचारून. मी तीनदा हो म्हणालो. मग त्या आडव्या झाल्या, हात भिंतीवर गेला आणि दिवा लागला. त्यांनी तो बंद केला आणि डोळे मिटले. एवढंच. मी आणि प्रोफेसर बाहेर येऊन उभे राहिलो. 

आठवड्याभरात ट्रेलर येऊन कॅरॅव्हान सोहारच्या बंदरात घेऊन गेला. त्या दोघांचं विमान तीन आठवड्यांनी होतं, कारण जहाजाला वेळ लागणार होता. अंगणातली तिची विजेची जोडणी काढायला प्रोफेसरांनी मला बोलावलं. मी गेलो तेव्हा मॅडम झाडाखाली होत्या. जिथे कॅरॅव्हान वर्षानुवर्षं उभी होती, तिथली माती वेगळ्या रंगाची राहिली होती, लांबट चौकोन. मॅडम त्या चौकोनाच्या आत होत्या. बाहेर आल्या, वळसा घातला, आणि जिथे दार असायचं बरोबर तिथूनच परत आत गेल्या. पायरी असल्यासारखा पाय उचलून. आत जाऊन बाकाच्या जागी जमिनीवर बसल्या.

"रोज असंच," प्रोफेसर म्हणाले. "मला वाटलं होतं, तीन आठवडे निघतील कसेबसे."

मी जोडणी काढत होतो तेव्हा मॅडमनी मला पाहिलं. "दिवा झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला, मॅडम."

"मग लावा ना," त्या म्हणाल्या.

माझ्या हातात काढलेली वायर होती. मी तीच गुंडाळत राहिलो.

थंडीच्या सुरुवातीला प्रोफेसरांचा फोटो आला. बर्फात उभी कॅरॅव्हान, खिडकीत उजेड. खाली आवाजी मेसेज होता. जहाज उशिरा पोचलं, तोवर मॅडम मुलीच्या घरी जेवतही नव्हत्या. कॅरॅव्हान आली त्या संध्याकाळी आत गेल्या आणि चौदा तास झोपल्या. मुलीला मात्र त्यांनी ओळखलं नाही. ती रोज कॅरॅव्हानच्या दारावर टकटक करून आत जायची आणि पाहुणीसारखा चहा घ्यायची.

तो मेसेज मी बायकोला फोनवरून ऐकवला. ती गावी त्याच स्लॅबच्या घरात राहते. ऐकून म्हणाली, "पुण्य लागलं तुम्हाला." मी विषय बदलला.

उन्हाळा लागताना एका संध्याकाळी प्रोफेसरांचा व्हिडिओ कॉल आला. मी मबेलाच्या एका व्हिलात शिडीवर होतो. ते कॅरॅव्हानमध्ये होते. दाढी वाढलेली. मॅडम महिन्यापूर्वी गेल्या, ते म्हणाले. झोपेत, तिथेच. मी शिडीवरून उतरलो. इंग्रजीत काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, म्हणून म्हणालो, "सर, तुम्ही जेवता ना?"

"जेवतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला ही बंद करायची आहे. मुलगी म्हणते, अशीच चालू ठेवू नये. कुठून सुरुवात करू?"

मी सांगत गेलो. आधी बाकाखालचा ट्रान्सफॉर्मर. मग पेटीतले छोटे ब्रेकर एकेक, मग मोठा. मग बाहेर जाऊन प्लग काढा. शेवटी बॅटरीची काळी वायर सोडा, लालच्या आधी काळी. ते प्रत्येक गोष्ट करून मला दाखवत होते. घरघर थांबलेली मला इथे ऐकू आली.

सगळं झाल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला असावा. पडद्यावर फक्त छप्पर दिसत होतं आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझ्या दुसऱ्या फोनवर अर्बाबचा कॉल आला, वाजून बंद झाला, परत आला. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिलो आणि ते फोन बंद करेपर्यंत तसाच थांबलो.