प्रौढ विभागातली पैठणी

आयुष्यात मी एकदाच गुन्हा केला, आणि तो स्वेटर घालून केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. (म्हणजे बोलायची सवय सुटलेला माणूस.) मुख्याध्यापक म्हणाले, "ते इंटरनेट काय असतं, जरा बघून या." म्हणून एका मंगळवारी दुपारी मी सायबर कॅफेत जाऊन बसलो. ‘चॅट’ नावाच्या पानावर खोल्यांची यादी होती : टीन्स, म्युझिक, अडल्ट. ग्रंथालयांत बाल, कुमार आणि प्रौढ असे विभाग असतात. माझं वय त्रेचाळीस. मी निमूटपणे प्रौढ विभागात शिरलो!

तिथे ‘राणी ठाणेकर’ भेटल्या. त्यांनी तीनच इंग्रजी अक्षरं लिहिली : ए, एस, एल. पुढे प्रश्नचिन्ह. (वय, स्त्री की पुरुष, आणि ठिकाण, असा त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.) मला वाटलं, बाई इंग्रजी लिपीत मराठी लिहितायत. ‘असल?’

मी उत्तर दिलं, ‘हो, अगदी अस्सल.’

‘वा! काय घातलंय?’ आता सरळ मराठीच.

‘निळा स्वेटर. इथे एसी फार आहे.’ कुणी आपली चौकशी केली की आपणही करावी, या संस्काराने मी पुढे लिहिलं, ‘आणि आपण?’

‘पैठणी.’

मंगळवारी दुपारी चार वाजता पैठणी! घरात मुंज असेल, म्हणून मी शुभेच्छा दिल्या. मग बाईंनी नाव विचारलं. मी सभासदत्वाचा अर्ज भरावा तसं संपूर्ण नाव, इमारत, मजला, पिनकोड, सगळं लिहिलं.

मग एकदम : ‘हा गुन्हा आहे. कलम २९२. ताबडतोब घरी जा!’

मी गेलो. पण घरी बसवेना, उठवेना. दारावरची बेल वाजली की पोलीस! ग्रंथपालाला प्रौढ विभागात अटक! नोकरी जाणार, मुलीच्या दहावीच्या वर्षात बापाची धिंड निघणार.

"अहो, दूधवाला आला तर बाथरूममध्ये काय लपताय?" बायको ओरडली.

गुरुवारी न राहवून मी ठाण्यात कोपरीला नानांकडे गेलो. नाना म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, कोर्टात कारकून. आमच्याकडे कुणी शिंकलं तरी ते कलम सांगत. मला पाहताच त्यांनी हातातला पेपर तोंडासमोर धरला.

"नाना, माझा एक मित्र आहे..."

"असणारच," नाना घाईघाईने म्हणाले. "काय केलं त्याने?"

"इंटरनेटवर एका अनोळखी बाईंना विचारलं, आपण काय घातलंय."

"संपला! अश्लीलतेचं २९२ तर आहेच, वर ५०९. स्त्रीच्या विनयाचा प्रश्न आहे."

"पण आधी बाईंनीच विचारलं होतं!"

"ते सिद्ध कोण करणार? ती बाई येणार आहे कोर्टात?" नानांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "हे बघा गोविंदराव, मित्राला सांगा, तोंड उघडायचं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. बोभाटा झाला तर दोघंही आत!"

"दोघं कोण?"

"म्हणजे... मित्र आणि ती बाई. ती तक्रार करणार नाही, ही माझी हमी. आणि दुपारचा निळा स्वेटर घालून हिंडू नये म्हणावं. माणूस लगेच ओळखू येतो."

मी सुटकेचा निःश्वास टाकून जिना उतरलो. खालच्या पायरीवर पाय थबकला. स्वेटरबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता!

वर पाहिलं. नाना गॅलरीत उभे होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला. त्यानंतर पुढे इतकी वर्षं आम्ही एकमेकांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

गेल्या महिन्यात नाना गेले. माझा एकुलता एक सहआरोपी गेला. तेव्हापासून वाचनात मन लागत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येऊन बसतो. तेराव्याला वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, हे नेहमी म्हणायचे, माणसं पुष्कळ पाहिली, पण आपले गोविंदराव म्हणजे अस्सल!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मान खाली घातली. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला आयुष्यात एकाच बाईने दिलं, आणि तिच्या अंगावरची पैठणी तेवढी अस्सल नव्हती.