नांगरलेल्या जहाजाचं कार्ड

वर्ध्याहून कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र लांबच. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि चपला हातात घेऊन मी नुसती उभी राहिले होते. तरी वर्ध्याजवळ सावंगीच्या आमच्या घरात, जिन्याखालच्या खोलीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये मी समुद्र भरून ठेवलाय, असं आमचे हे चिडवतात.

त्या डब्यांत कार्डं आहेत. हौशी रेडिओवाल्यांची एक रीत आहे. हवेतून कुणाशी बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना पोस्टकार्डाएवढं कार्ड पाठवायचं : अमुक दिवशी, अमुक वेळी तुमचा आवाज इथं ऐकू आला. बाकीचे लोक देश जमवतात. मी फक्त जहाजांवरच्या आणि विमानांमधल्या माणसांची कार्डं जमवते. घरातून बोलणाऱ्याच्या कार्डावर पत्ता असतो, मनात आणलं तर तिथं जाता येतं. जहाजाच्या कार्डावर अक्षांश-रेखांश असतात. तिथं गेलात तर नुसतं पाणी. ज्या जागेवरून तो माणूस बोलला ती जागा बोलणं संपायच्या आतच मागे पडलेली असते. विमानाचं तर विचारूच नका. एकदा एका मालवाहू विमानाचा वैमानिक बोलता बोलता म्हणाला, मी आत्ता तुमच्या जिल्ह्यावरूनच चाललोय. मी तशीच गच्चीवर पळाले. वर एक पांढरी रेघ होती, तिच्या टोकाशी चमकणारा ठिपका. खाली येऊन हेडफोन कानाला लावला, तर तो माणूस शांतपणे मला त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल सांगत होता. तेव्हा अंगावर काटा आला होता. आवाज कानात आणि माणूस त्या ठिपक्यात, हे मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही.

नोकरीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. कान तिथं तयार झाले. बोलणाऱ्याच्या मागे काय चाललंय हे मला बोलण्याच्या आधी ऐकू येतं : पंखा, कुकर, दाराआड उभं राहून ऐकणारं कुणीतरी. निवृत्तीनंतर नागपूरला जाऊन हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली. कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एरियलची तार ताणली. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, तेही निवृत्त. ते बाहेर आरामखुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि मी वीस मीटरच्या पट्ट्यावर जहाजं शोधायची.

एका वर्षी उन्हाळ्यात, दुपारी चारच्या सुमारास, एक आवाज सापडला. आधी इंग्रजीत हाक आली. मी उत्तर दिलं. माझे उच्चार ऐकून तो माणूस थांबला आणि म्हणाला, "मराठी का?"

"हो. वर्धा," मी म्हटलं.

तिकडून लगेच मराठी सुरू झाली. "ताई, मराठी बोलून किती दिवस झाले सांगू?"

रत्नागिरीकडचे होते. जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. अरबी समुद्राच्या पलीकडे, एका बंदरापासून दूर, खोल पाण्यात त्यांचं जहाज नांगर टाकून उभं होतं. मालकाचे पैसे संपले, त्यानं हात वर केले, आणि देणेकऱ्यांसाठी कोर्टानं जहाज अडकवून ठेवलं होतं. खलाशी टप्प्याटप्प्यानं घरी गेले. पण जहाज अगदी रिकामं सोडता येत नाही, एक माणूस राखणीला लागतो, आणि कोर्टाच्या कागदावर त्यांचं नाव पडलं. बदली माणूस येईपर्यंत उतरायचं नाही. अधूनमधून एक बोट येऊन पाणी, डाळ, तांदूळ ठेवून जायची. बाकी ते एकटे आणि ते एवढं मोठं लोखंड.

मग रोज चार वाजता आम्ही बोलू लागलो. रेडिओत खरखर नको म्हणून मला कूलर बंद करावा लागे. मे महिन्यात त्या खोलीत बसणं म्हणजे भट्टीत बसणं होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसे. आमच्याकडे भर दुपारी जी शांतता पडते तिची सर रात्रीलाही नाही. मेडिकल कॉलेजची पोरंसुद्धा खोल्यांमध्ये पडून असतात, कुत्री नालीत बसतात, आणि उन्हात सगळी घरं माणसं सोडून गेल्यासारखी दिसतात.

त्यांना जमिनीबद्दल ऐकायचं असे. आज भाजी काय, आंबे आले का, हिंगणीकडे मोहाची फुलं पडतात ती कशी वेचतात, असं काहीबाही विचारत. एकदा म्हणाले, "ताई, धुळीचं सांगा. धूळ कशी उडते ते सांगा." मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत असावेत.

मी समुद्राबद्दल विचारायची. ते सांगत, भरती-ओहोटीबरोबर जहाज नांगराभोवती फिरतं. सकाळी ज्या खिडकीतून किनारा दिसतो तिच्यातून दुपारी नुसतं पाणी. "कुणीतरी झोपेत आपली खाट फिरवून ठेवावी, तसं वाटतं." लोखंड तापतं, थंड होतं, तेव्हा भिंती ठोकल्यासारख्या वाजतात. त्याची त्यांना सवय झाली होती. त्यांच्या सेटला बटण दाबावं लागत नसे. खोलीत आवाज झाला की सेट आपोआप बोलायला लागे, आवाज थांबला की ऐकायला लागे. अशी सोय असते. दोन्ही हात कामाला मोकळे राहावेत म्हणून त्यांनी ती कायम चालू ठेवली होती.

आणि त्यांच्या बोलण्यामागे, अगदी पहिल्या आठवड्यापासून, मला चमचा ऐकू यायचा. स्टीलच्या पेल्यात चमचा फिरवल्याचा आवाज. सावकाश, एका लयीत. थोडा वेळ फिरायचा, थांबायचा, मग काठावर टिंग करून आपटायचा. दुपारच्या चहाची वेळ, मी लक्ष दिलं नाही.

एक दिवस मी सहज म्हणाले, "साहेब, साखर किती टाकता? केव्हापासून ढवळताय."

ते हसतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "ताई, साखर संपून कितीतरी दिवस झाले. मी चहाच करत नाही आता."

"मग चमचा..."

"कुठला चमचा?"

त्यांचा आवाज बदलला होता. खुर्ची सरकल्याचं मला ऐकू आलं. ते वळून मागे बघत असणार. मी हेडफोन काढून स्पीकर लावला आणि यांना हाक मारली. हे पेपर हातात घेऊनच आत आले.

पलीकडून ते म्हणाले, "ताई, तुम्ही जाऊ नका. थांबा. मी गॅलीत, स्वयंपाकघरात बघून येतो. सेट चालू ठेवतो."

त्यांची पावलं ऐकू आली. दार उघडलं, लोखंडी दार, बिजागरी ओरडली. पावलं लांब गेली आणि सेट गप्प झाला. आमच्या खोलीत नुसती पट्ट्याची सळसळ राहिली. घाम माझ्या मानेवरून पाठीत उतरत होता. हे दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते.

आणि सेट बोलायला लागला. आधी खोलीची पोकळी ऐकू आली, सेटनं आवाज पकडला की ऐकू येते तशी. मग चमचा. सावकाश, गोल गोल. काही घाई नाही. थांबला, काठावर टिंग झालं. कुणीतरी तो काढून बाजूला ठेवला असावा असा हलका खट्ट आवाज आला. त्या खोलीत तेव्हा माणूस नव्हता.

मी यांच्याकडे बघितलं. "तुमाले ऐकू आलं का?"

हे म्हणाले, "आलं."

आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे नाहीत. दर रविवारी विहारात जाणारं आमचं घर. ह्यांनी सगळी हयात पोरांना भूत नसतं हेच शिकवलं. हे मान हलवत म्हणाले, "जहाज हालून राह्यलं असन. पेला असन कुठं टेबलावर, त्यात चमचा. हालला का वाजते. काऊन घाबरते?"

"पण मंग ठेवल्याचा आवाज?"

ह्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली.

पावलं परत आली. ते जोरजोरानं श्वास घेत होते. "कोणी नाही, ताई. सगळीकडे बघितलं. तुम्हाला काही ऐकू आलं का मी गेल्यावर?"

त्या एका क्षणात मला सगळं दिसलं : ते एवढं मोठं जहाज, चोहीकडून पाणी, आणि बोट यायला अजून कितीतरी दिवस. घाबरले तर जाणार कुठं? मी म्हणाले, "नाही. काहीच नाही." यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग हे हळूच म्हणाले, "त्याले विचार, खोलीत पेला हाय का."

मी विचारलं. ते शोधत होते, वस्तू सरकवत होते. "आहे. फळीवर आहे एक. स्टीलचा. आत चमचा आहे." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या भंडाऱ्याचा असेल. जहाजावरचा स्वयंपाकी. तो सगळ्यात आधी घरी गेला, बरं नव्हतं त्याला."

"त्याले म्हण, चमचा काढ आन् खिशात ठेव," हे म्हणाले. "पेला पालथा घाल."

मी तसं सांगितलं. त्यांनी ते केलं, खिशात चमचा पडल्याचंही मला ऐकू आलं. ते जरा हसले. "मास्तरांना सांगा, भूत माझ्या खिशात आहे."

त्या दिवसापासून चमचा बंद झाला. पण ते दुसरंच काही करू लागले. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि मग विचारायचे, "ताई, आत्ता?" मी ऐकायची. लोखंड ठोकल्यासारखं वाजायचं, पाणी कडेला आपटायचं. "काही नाही," मी खरंच सांगायची. आमचे हे आता पेपर बाहेर न वाचता माझ्याजवळ स्टुलावर बसून राहायचे. कूलर बंद असला तरी उठायचे नाहीत. एकदा त्यांनीच माझ्याकडून निरोप दिला : "त्याले म्हण, सायंकाळी मोठ्यानं काहीतरी वाचत जा. शाळेत पोरगं घाबरलं का मी त्याले धडा वाचाले लावत जाओ." जहाजावर वाचायला फक्त यंत्रांची माहितीपुस्तकं होती. ते ती वाचू लागले. त्यांनीच हसत हसत सांगितलं.

पहिला पाऊस पडून गेला आणि त्यांच्या जागी बदली माणूस आला. शेवटच्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही. सामान बांधत होते. सेट सोबत नेणार होते, तो त्यांचा स्वतःचा होता. "आता हा बंद करतो, ताई. घरून बोलू."

महिनाभरानं ते घरून बोलले. मागे कोंबड्या, पाऊस, आणि "अरे जेवून घे आधी" असं ओरडणारी त्यांची आई. मला फार बरं वाटलं. ते म्हणाले, अजून झोपताना दिवा लागतो, एवढंच. मग म्हणाले की भंडाऱ्याचा फोन आला होता, आता तब्येत ठीक आहे त्याची. "मी त्याला पेल्याचं विचारलं. तो म्हणाला, माझा नाही. मी जहाजावर चढलो तेव्हापासून तो फळीवरच आहे. मी काढून ठेवत होतो, पुन्हा तिथंच यायचा. कोण आणून ठेवतो म्हणून मी पोरांना शिव्या घालायचो."

मी यांना हे सांगितलं नाही. पण हे बाजूलाच बसले होते, त्यांनी ऐकलं. संध्याकाळी चहा झाला तेव्हा त्यांनी आपल्या कपातला चमचा काढून बशीत ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

त्याच दिवशी रेडिओवर मी त्या साहेबांना खरं सांगून टाकलं, की ते गॅलीत गेले तेव्हा मला काय ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "मला माहीत होतं, ताई. तुम्ही 'नाही' फार पटकन म्हणालात." रागावले नव्हते. उलट आभार मानले.

त्यांचं कार्ड दिवाळीच्या सुमारास पोस्टानं आलं. जहाजाचा फोटो, गंजाचे ओघळ, मागे सपाट पांढरं आकाश. आमचं पहिलं बोलणं झालं तो दिवस आणि जागेचे आकडे त्यांच्या तिरक्या अक्षरांत. जहाज तोवर ओढून भंगारात नेलं होतं. इतकी कार्डं जमवली, पण नांगरलेल्या जहाजाचं हे एकच. बाकी सगळी कार्डं मागे टाकलेल्या जागेची आहेत, हे एका जागी अडकून पडलेल्याचं.

वर्षभर ते समुद्रावर गेले नाहीत. गावात विहिरीच्या पंपांच्या मोटारींची जळालेली तार नव्यानं गुंडाळायचं काम करायचे. मग एक दिवस म्हणाले, दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय. आई नको म्हणते. मी काय सांगणार? मी विचारलं, तुम्हाला जावंसं वाटतं का? म्हणाले, "वाटतं. तेच तर."

पुढच्या थंडीत, दुपारी, हिंदी महासागरातून त्यांची हाक आली. आवाज स्वच्छ होता, जहाज चालत होतं. मी आनंदानं बोलायला लागणार, तोच ते म्हणाले, "थांबा ताई. आधी काही बोलू नका. मी गप्प बसतो. तुम्ही ऐका, आणि मागे काय आहे ते मला सांगा."

मी डोळे मिटले. हे स्टूल ओढून जवळ बसले. इंजिनाची खोल घरघर होती. दूर कुणीतरी हिंदीत कुणाला तरी हाक मारली, पत्ते आपटल्याचा आवाज आला, दोघं-तिघं एकदम हसले. मी अजून थोडा वेळ थांबले. खात्री होईपर्यंत थांबले.

"माणसं आहेत," मी म्हटलं.

पलीकडे एक लांब श्वास सुटला. "बरं," ते म्हणाले. "आता सांगा, वर्ध्याला थंडी कशी आहे?"