खाडीचं जाळं तळ्यात

रियाधमधल्या कोकणवाल्यांनो, बोटाला पट्टी बांधून लिहितेय.

आज जुम्म्याची सुट्टी म्हणून शहराबाहेर हायरच्या तळ्यावर गेलो होतो. माझ्या दिराने, सलीमने, गावच्या खाडीत लावतो तसं जाळं लावलं आणि आम्ही बिर्याणी खायला बसलो. खाडीत ओहोटीला पाणी उतरतं, आत कोण अडकलंय ते दिसतं. तळ्याचं पाणी उतरत नाही.

जाळं ओढलं तर आत टिबुकल्या. बुडी मारून मासे धरणारे हे छोटे पक्षी. दोन गुदमरून मेल्या होत्या. तिसरी जिवंत होती, नायलॉनचा धागा मानेत रुतलेला, चोच रक्ताने भरलेली. सलीमने जाळ्याला हिसका दिला आणि तिचा पंख कडकन मोडला.

मी कलिंगडाची सुरी उचलली आणि जाळं उभं-आडवं फाडलं. टिबुकलीने माझं बोट फोडलं. फोडू दे!

"भाभी, नवीन जाळं होतं!"

"परत लावलंस तर तुलाच त्यात गुंडाळून बुडवीन."

ती माझ्या मांडीवर मेली. तिच्या पाठीवर बसून फिरणारी दोन पिल्लं पाण्यात ओरडत राहिली.

तुमच्यापैकी कोणाचं जाळं आत्ता तिथे आहे? मग जेवताय काय? उठा!