सुमनची टिटवी

रविवार, चार मे. गच्चीवर कुरडया घालत होते, एकटीच. वाळवण आम्ही दरवर्षी दोघी मिळून करायचो, मी आणि शेजारची सुमन. तीनेक आठवड्यांपूर्वी तिच्या मुलाचा फोन आला, "काकू, लवकर या. आई उठत नाहीये..."

सुमन एसटीत कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या बागेचा ताबा तिनं कुणी न देताच घेतला. बाग म्हणजे चार कडुनिंब, चालायचा ट्रॅक आणि मधे खडीचा उजाड तुकडा. यंदा एप्रिलमध्ये त्या खडीत टिटवीनं अंडी घातली. खड्यांसारखीच, दिसतही नाहीत. सुमननं भोवती विटा मांडल्या आणि फिरायला येणाऱ्यांवर ओरडू लागली, "ओ साहेब, कडेनं चला! मधे स्टॉप नाही!" लोक हसायचे, पण ऐकायचे. उन्हं तापली की टिटवी नळाखालच्या डबक्यात पोट भिजवून अंड्यांवर येऊन बसते, हे तिनंच मला दाखवलं. "बघ, पदर ओला करून आणते."

सुमन गेली त्या पहाटे टिटवी ओरडत होती. कुत्रं दिसलं की ती रोजच ओरडते. पण कॉलनीनं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. समोरच्या देवरेभाऊंची आई अंथरुणाला खिळलेली. शनिवारी ते म्हणाले, "वहिनी, सोमवारी ती खडी उचलायला लावतोय. अपशकुन दारात कशाला?"

"भाऊ, सुमनला शुगर होती. गोळ्या ती चुकवायची, टिटवी नाही."

"पटतंय हो... पण आईला काही झालं तर?"

आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्याच संध्याकाळी टिटवी ओरडली, तर मी कणीक तशीच टाकून ह्यांचा श्वास चालू आहे ना, ते बघून आले. स्वतःचाच राग आला. रविवारी गच्चीवरून सारखी नजर त्या खडीकडे जात होती. एक दिवस उरला होता.

सोमवारी सकाळी ह्यांना चहा दिला आणि छत्री घेऊन खाली गेले. मजूर फावडी घेऊन उभे होते, शेजारी देवरेभाऊ. मी विटांपाशी बसकण मारली.

"वहिनी, असं किती दिवस बसणार?"

"पिल्लं निघेपर्यंत. आणि दुपारी तुमच्या आईंपाशी बसेन. तुम्हाला जरा झोप मिळेल."

देवरेभाऊ मजुरांना म्हणाले, "आधी गेटजवळचा पाला उचला रे."

टिटवी मात्र माझ्याच डोक्यावर झेपावत राहिली. मी छत्री उघडली.