साबणातली स्प्रिंग
लिंबाच्या वासाचा हँडवॉश हातावर घेतला की मरोळचा कारखाना आठवतो. बटण दाबून साबण काढायच्या पंपाचं ड्रॉइंग मी करत होतो. "स्प्रिंग साबणात नको रे, गंजेल," फिटर म्हणाला. फिटरने मला शिकवावं हे न सोसून मी ती आतच ठेवली. गंजाने तांबडा झालेला साबण गिऱ्हाइकाने परत पाठवला, तेव्हा मी ड्रॉइंग फाडलं आणि फिटरकडे बोट दाखवून मालकाला सांगितलं, "यानेच स्प्रिंग आत बसवली." मालकाने त्याला तिथल्या तिथे काढलं. हत्यारांची पेटी उचलताना तो मला म्हणाला, "नीट फाडलंस ना? आता घरी काय सांगू, तेही तूच सांग." पुढे मी स्प्रिंग बाहेर घेतली आणि शाबासकीही घेतली. तो पंप त्याचा होता, हे आज लिहून ठेवतो.