मी घेतलेला जबाब

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता विसरलो, ही मात्र विसरता येत नाही.

मी तेव्हा परळ भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्दीत गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला एक काचेचा टॉवर होता. तिथे साफसफाईला तीसेक बायका एका कंत्राटदाराकडे होत्या. नेमणूकपत्र नाही, आठवड्याची सुट्टी नाही. शेवटी त्यांनी युनियनचे फॉर्म भरले. पुढाकार वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका बाईंचा होता.

आठवड्याभरात टॉवरच्या तळघरातल्या स्टोअररूमला आग लागली. कोणी जखमी झालं नाही, पण फरशी पुसायच्या मशीन जळाल्या. कंत्राटदाराने फिर्याद दिली. दुपारी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, त्या लाल बावटेवाल्या बाईचं काम आहे." संध्याकाळी वरूनही विचारणा झाली, अटक कधी करताय?

बाईंना बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवून विचारपूस सुरू केली. बाई घाबरल्या नव्हत्या.

"साहेब, त्या मशीन आल्यापासून माझी कंबर जरा सरळ झाली होती. मी त्या कशाला जाळू?"

उत्तर साधं आणि खरं होतं. मी ते लिहूनही घेतलं नाही.

पुरावा नव्हता, म्हणून त्यांच्यासोबत काम करणाऱ्या शेजारणीला आणलं. दोघी एकाच मजल्यावरच्या, बहिणींसारख्या. शेजारणीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. मी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणालो, "तुमचंही नाव आरोपीत घालू का? घरी त्यांचं कोण करणार?"

ती पदर पिळत बसली. मग म्हणाली, "ती म्हणाली होती... जाळू म्हणून."

त्या जबाबावर दुसऱ्या दिवशी भोईवाडा कोर्टात मला बाईंची दोन दिवसांची कोठडी मिळाली. कोर्टात शेजारणीचं नाव ऐकलं तेव्हा बाईंनी पहिल्यांदा खाली पाहिलं.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचा अहवाल आला. थिनरने भिजवलेली फडकी सापडली होती आणि स्टोअररूमचं कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच. एक वॉचमनच्या केबिनमध्ये, ती त्या दिवशी हललीच नव्हती. दुसरी सुपरवायझरकडे. त्याला समोर बसवून मी किल्लीबद्दल एकच प्रश्न विचारला आणि गप्प राहिलो. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. दहा मिनिटांत तो रडायला लागला.

"थोडा धूरच करायचा होता, साहेब. मालक म्हणाले, पोलीस आले की बाया आपोआप फॉर्म मागे घेतील."

मालक म्हणजे तोच कंत्राटदार. दोघांना अटक केली. बाईंविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात दिला, त्या सुटल्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण तोवर बायकांनी एकेक करून फॉर्म मागे घेतले होते. कंत्राट दुसऱ्याकडे गेलं आणि नव्या माणसाने जुन्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं.

मी माफी मागायला चाळीत गेलो. बाईंनी समोरच्या खोलीला लागलेलं कुलूप दाखवलं. शेजारीण नवऱ्याला घेऊन अँटॉप हिलला भावाकडे निघून गेली होती.

"माझा फोन ती उचलत नाही. तिला सांगा, मी रागावले नाही म्हणून."

तो निरोप घेऊन मी अँटॉप हिलला गेलो. शेजारणीनेच दार उघडलं. मला बघताच ती मागे सरली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, आता कोणाचं नाव सांगायचं?"

निरोप मी दिला. तिचा विश्वास बसला नाही. मी आणलेला निरोप, कसा बसेल?

माझे वडील लालबागला गिरणीत होते. संपाच्या वेळी पोलीस कोणाच्या बाजूला उभे राहतात, हे मी लहानपणी घरात ऐकलं होतं. अंगावर वर्दी चढली आणि विसरलो. मशीन जळाल्याचा गुन्हा आम्ही तासाभरात नोंदवला. तीस बायकांची एकी मोडली, त्याला कलमच नव्हतं. कंत्राटदाराला ते नुसत्या धुराने जमलं नसतं. उरलेलं काम माझ्या टेबलावर, हळू आवाजात, मी केलं.